दोन रकाने

आमच्या जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये वर्षातून एकदा एक गाडी येते. (जिल्हा म्हणजे धाराशिव. कागदोपत्री २०२३ पासून धाराशिव, आमच्या पिढीच्या तोंडात अजून उस्मानाबादच. इथे धाराशिव लिहायचा प्रयत्न करतो, कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.) गाडीतून डॉक्टर उतरतात, बरोबर नर्सबाई आणि औषधांचा हिशोब ठेवणारा एक जण. पोरं रांगेत उभी राहतात. वजन, उंची, डोळे, दात, कान, छाती. अंगणवाडीत हीच गाडी वर्षातून दोनदा जाते. काही सापडलं तर चिठ्ठी मिळते, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय.

ह्या प्रकाराचं नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं) त्याची सुरुवात झाली. सरकारी योजनेला नावं ठेवणं हा आपल्या आयटीवाल्यांचा आवडता टाइमपास आहे, पण ही योजना मला मनापासून आवडते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या पोरांना आपणहून शोधत जाऊन तपासायचं, ही कल्पनाच भारी आहे. आपल्याकडे पुण्यात सोसायटीतल्या किती पोरांची अशी दरवर्षी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते, सांगा बरं?

तर मागे एकदा मी त्यांची आजारांची यादी वाचायला घेतली. ३० आजार आहेत. 'आजार' ह्या गटात एक रकाना त्वचेचा आहे, त्यात खरूज, बुरशीचा संसर्ग (म्हणजे आपला नायटा, गजकर्ण) आणि इसब असे तिघे एकत्र बसवलेत. त्याच गटात पुढे श्वासनलिका आकसण्याचा आजार आहे, ज्याला आमच्याकडे घरोघरी बाळदमा म्हणतात. मग पान उलटलं की दुसरा गट, 'विकासातल्या अडचणी'. त्यात वागणुकीतले प्रश्न, शिकण्यातल्या अडचणी, लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा.

म्हणजे खाज आणि धाप एका पानावर, मन आणि अभ्यास दुसऱ्या पानावर. पोरगं एकच, कार्ड एकच, तपासणारे डॉक्टरही तेच. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं आहेत, दोन्हींत मुलाचा नंबर तोच आहे, आणि दोन्ही जोडणारी क्वेरी कुणी लिहिलेलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, जोडायचं कशाला? इसबाचा आणि अभ्यासाचा काय संबंध?

माझ्या चुलतभावाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. कळंब तालुक्यातलं गाव. वर्षाच्या आत असल्यापासून त्याला इसब आहे, आधी गालांवर होता, आता कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत. थंडीत फारच चिडतो, कातडी फुटते, रक्त येतं. शाळेतून तक्रार काय, तर ह्याचं लक्ष नसतं, जागेवर बसत नाही, शेजारच्याला ढोसतो. दिवाळीत गेलो तेव्हा वहिनी चुलीपाशी बसल्या बसल्या जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो. "भावजी, लेकरू रातभर खाजवतंय. मीच दोन-दोन वाजेपर्यंत त्याचे हात धरून बसते. सकाळी शाळेत पेंगतंय नायतर चिडचिड करतंय, आन् मास्तर म्हणतेत ध्यान नाही."

बघा, निदान झालं की! कुठल्याही तज्ज्ञाने ह्याहून नेमकं सांगितलं नसतं. पण हे वाक्य तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कातडी दाखवायला नेलं की डॉक्टर कातडी बघतात आणि ट्यूब लिहून देतात. शाळेत बोलावलं की गुरुजी वही दाखवतात. रात्रीचे दोन वाजलेले कुणाच्याच रकान्यात बसत नाहीत.

आणि ह्यात एक गोम आहे. मोठं माणूस झोपलं नाही की दिवसभर मरगळतं. लहान मूल झोपलं नाही की बऱ्याचदा उलट होतं, ते उसळतं. एका जागी बसत नाही, पटकन रडतं, पटकन मारतं. लांबून पाहणाऱ्याला ते वात्रट दिसतं किंवा हल्लीच्या भाषेत 'हायपर'. अ‍ॅलर्जीचे बहुतेक प्रकार रात्रीचे वैरी आहेत. शरीरातलं कॉर्टिसोल रात्री उतरतं, त्यामुळे खाज वाढते. दमेकरी मुलाच्या श्वासनलिका पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात अरुंद असतात. नाक चोंदलेलं मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, पुन्हा पुन्हा अर्धवट जागं होतं आणि सकाळी त्याला स्वतःलाही सांगता येत नाही की आपण झोपलो नाही म्हणून.

हे नुसतं वहिनीचं आणि माझं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराच्या आसपास १९९१-९२ च्या सुमाराला जन्माला आलेल्या हजारो मुलांचा संशोधक तेव्हापासून पाठपुरावा करतायत. त्या मुलांच्या नोंदींतून २०१९ मध्ये दिसलं की इसब असलेल्या मुलांची झोप इतरांपेक्षा वाईट असते, वर्षानुवर्षं. २०२१ मध्ये त्याच नोंदींतून पुढचं दिसलं. ज्यांचा इसब तीव्र, त्यांच्यात नैराश्याच्या लक्षणांची शक्यता जवळपास दुप्पट. सौम्य इसबात नैराश्याशी तसा संबंध सापडला नाही, पण आतल्या आत कुढणं, घाबरणं, गप्प होणं, हे मात्र चार वर्षांच्या पोरांतही जास्त आढळलं. आणि झोपेचा हिशोब वजा करूनही संबंध पूर्ण पुसला गेला नाही. म्हणजे झोप हे एक कारण, सगळं नव्हे. (दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे मला माहीत आहे. डेटावाल्या मित्रांनी कृपया दगड खाली ठेवावेत.)

उरलेल्यातलं बरंचसं वर्गात घडतं, असं मला वाटतं.

त्वचेच्या त्या रकान्यात खरूज आणि इसब शेजारी शेजारी आहेत. खरूज लागट आहे. इसब अजिबात लागट नाही, शंभर मुलांनी हात धरला तरी एकालाही होणार नाही. डॉक्टरला फरक कळतो. चौथीच्या वर्गाला कळत नाही. त्यांच्या लेखी दोन्ही एकच, आणि त्याचं नाव ठरलेलं असतं. माझ्या पुतण्याला वर्गात 'खरजुल्या' म्हणतात. खोखोत त्याला कुणी खो देत नाही, कारण पाठीला हात लावावा लागतो. एप्रिलच्या उन्हात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हात, पोरगं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जातं. त्याने घाम येतो, घामाने खाज वाढते, खाज वाढली की बाही आणखी खाली ओढायची. एका लूपमध्ये अडकलेला प्रोग्राम आहे हा, आणि बाहेर पडायची अट कुणी लिहिलेली नाही.

इसबाला सांगितलेला मुख्य उपचार तसा साधा आहे. रोज आंघोळ, अंग ओलसर असतानाच भरपूर व्हॅसलीन किंवा तसलं काही, आणि भडकला की डॉक्टरने दिलेलं स्टिरॉइडचं मलम मोजून. पण ज्या जिल्ह्याने २०१५-१६ सारखा दुष्काळ पाहिलाय, टँकरमागे घागरी घेऊन पळालाय, तिथे 'रोज आंघोळ' हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून जितकं सहज येतं तितकं घरात उतरत नाही. असो, तो वेगळा विषय आहे.

दम्याचं तर ह्याहून अवघड. आमच्याकडे इनहेलरला पंप म्हणतात आणि पंपाविषयी एक वाक्य पाठ असतं, 'एकदा लागला की सुटत नाही.' म्हणून आई-बाप तो लपवतात, पोराला चारचौघांत ओढू देत नाहीत, आणि घ्यायचा तेव्हा घेतला जात नाही. मुलगी असेल तर विचारायलाच नको. आठ वर्षांच्या मुलीच्या दम्याची चर्चा तिच्या लग्नाच्या काळजीने हळू आवाजात होते. ती मुलगी ते ऐकत असते, बरं का. आपल्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे, एवढं तिला अचूक कळतं. बाकी काही नाही कळलं तरी.

आणखी एक प्रकार तुमच्यातल्या मराठवाड्याबाहेरच्यांना माहीत नसेल. हैदराबादला दरवर्षी मृगाच्या सुमाराला जून महिन्यात बथिनी गौड कुटुंबाकडून दम्यासाठी माशाचं 'औषध' दिलं जातं. पिवळट लगदा भरलेला जिवंत मासा रुग्णाच्या घशात सोडायचा. त्याने दमा बरा होतो ह्याला शास्त्रीय आधार नाही. तरी लांबलांबून लोक जातात, आणि आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच होता, हैदराबाद आम्हाला कधी परकं वाटलेलं नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या मर्जीने काय गिळावं हा त्याचा प्रश्न. पण आधीच श्वासाला घाबरलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोराचं तोंड धरून त्यात जिवंत मासा सोडायचा, ह्यात त्या पोराला काय वाटतं हे त्या रांगेत कोण विचारत असेल?

खाण्याची बंदी हा तर घरगुती उद्योग. दही नको, केळं नको, चिंच नको, शेंगदाणे नकोत, थंड नको. काही मुलांना एखाद्या पदार्थाची खरोखर अ‍ॅलर्जी असते आणि त्यांच्या बाबतीत हयगय चालत नाही. पण बहुतेक घरांत ही यादी तपासणीतून आलेली नसते, शेजारणीकडून आलेली असते. लग्नाच्या पंगतीत सगळी भावंडं जेवतायत आणि हे एक ताटाकडे बघत बसलंय, हे मी कैक वेळा पाहिलंय.

आता थोडं मागे जाऊ, कारण हे दोन रकाने वेगळे का झाले ह्याला एक इतिहास आहे आणि तो मला फार रोचक वाटतो. 'अ‍ॅलर्जी' हा शब्दच १९०६ चा, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या बालरोगतज्ज्ञाने बनवलेला. पण त्याच्याही २० वर्षं आधी, १८८६ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरने गुलाबाने त्रास होणाऱ्या एका बाईसमोर गुलाब धरला आणि तिला शिंका-धाप सुरू झाली. गुलाब कृत्रिम होता. ह्या गोष्टीतून 'मनाचा काहीतरी वाटा आहे' एवढा साधा धडा घेता आला असता. तसं झालं नाही. पुढे शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडरने मानसिक मुळाच्या सात आजारांची यादी केली, त्यात दमाही होता आणि त्वचेचा असाच एक आजारही. दम्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून धरलेलं रडू, अशी त्या काळची मांडणी. म्हणजे खापर शेवटी आईवर! अमेरिकेत काही दमेकरी मुलांना आई-बापांपासून लांब, डेन्व्हरच्या संस्थांमध्ये महिनोन्महिने ठेवलं जायचं आणि त्याला चक्क 'पालक काढून टाकण्याची शस्त्रक्रिया' अशा अर्थाचं नाव होतं.

श्वासनलिकेची सूज समजली, चांगली औषधं आली आणि हे सगळं मोडीत निघालं, ते बरंच झालं. पण त्या नादात डॉक्टरांनी मनाचं नावच टाकलं. दमा 'मनाचा' नाही हे सिद्ध करायला इतकी वर्षं गेली की आता दमेकरी मुलाच्या मनाविषयी विचारलं तरी जुनं भूत जागं होईल अशी भीती. आमच्याकडे हे भूत वेगळ्या कपड्यांत अजून हिंडतंच. गरोदरपणी आईने काय खाल्लं, कुणाची नजर लागली, आईच्या दुधात काय दोष होता. वहिनीने हे सगळं ऐकलंय. म्हणून 'पोराचं मन कसं आहे' हे विचारताना ते आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता विचारावं लागेल, ही अट मी आधीच मान्य करतो.

पण विचारावं लागेलच. १९८५ मध्ये त्याच डेन्व्हरमधल्या डॉक्टरांनी दम्याने दगावलेल्या मुलांची, तितकाच तीव्र दमा असून जगलेल्या मुलांशी तुलना केली. फरक फक्त छातीत नव्हता. दगावलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त, घरच्यांशी बेबनाव जास्त, स्वतःच्या औषधाकडे दुर्लक्ष जास्त. आणि २००० साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या दमेकरी मुलांचा एक अभ्यास आला. घरात मोठं संकट कोसळलं की पुढच्या काही आठवड्यांत मुलाला दम्याचा झटका येण्याचा धोका वाढतो, असं त्यात दिसलं. म्हणजे रस्ता दुहेरी आहे. शरीर मनाला ओढतं आणि मन शरीराला.

घरातलं संकट म्हटलं की आमच्या जिल्ह्यात काय काय येतं हे तुम्हाला सांगायला नको.

इथे मला एक गोष्ट नेहमी खटकते. आमच्याकडे 'मानसिक आरोग्य' हा शब्द दोन मोठ्या दुःखांच्या मागून आला. पहिलं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप. नाव किल्लारीचं झालं, पण उमरगा-लोहारा भागातली आमची गावंही त्यात गेली, हजारो माणसं गेली. दुसरं शेतकऱ्यांच्या आत्महत्या. २०१५ मध्ये सरकारने बळीराजा चेतना अभियान सुरू केलं ते यवतमाळ आणि उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत. पाठोपाठ विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला, शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा. ही कामं गरजेचीच होती. पण त्यातून लोकांच्या मनात एक माप बसलं. मन म्हणजे काहीतरी भयंकर घडल्यावर बघायची गोष्ट, आणि तीही मोठ्या माणसाची. कोपर खाजवणारं, कुणी खो न देणारं पोरगं ह्या मापात कुठे बसणार? त्याला 'काय झालंय एवढं, खाज तर आहे' हेच उत्तर.

त्याच प्रेरणा प्रकल्पाने एक गोष्ट मात्र दाखवून दिली. आशाताई घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना झोप लागते का, जगावंसं वाटतं का, असे प्रश्न विचारू शकतात आणि माणसं उत्तरं देतात. त्यासाठी मानसोपचाराची पदवी लागत नाही, विश्वासाची ओळख लागते.

दोन नोंदवह्या जोडल्याने काय होऊ शकतं ह्याचं माझं आवडतं उदाहरण बार्सिलोनाचं आहे, आणि योगायोगाने त्यात आपलं सोयाबीन आहे. १९८१ ते १९८७ ह्या काळात त्या शहरात काही ठरावीक दिवशी अचानक दम्याचे रुग्ण दवाखान्यांत लोटायचे. असे २६ दिवस झाले. बाकी दिवशी सगळं ठीक. डॉक्टरांनी आपल्या वहीत कितीही पाहिलं तरी कारण सापडेना, कारण ते त्या वहीत नव्हतंच. मग तातडीच्या विभागाची वही आणि बंदराची वही शेजारी शेजारी ठेवली गेली. झटक्यांचे दिवस म्हणजे बंदरात सोयाबीन उतरवल्याचे दिवस! धान्य साठवायच्या एका उंच कोठाराला वर गाळणीच नव्हती, सोयाबीनच्या टरफलांची धूळ वाऱ्याबरोबर शहरभर जायची. गाळणी बसवली, लाटा थांबल्या. १९८९ मध्ये हे छापून आलं.

(आमच्या जिल्ह्यात खरीप म्हणजे सोयाबीन, आणि ऑक्टोबरात मळणी मशीन सुरू झालं की गावाबाहेर भुसकटाचा ढग उभा राहतो. त्यात बांधावरचं गाजर गवत, चुलीचा धूर. पण बार्सिलोनातले रुग्ण मुख्यतः मोठी माणसं होती, लहान मुलं नव्हेत, तेव्हा लगेच सोयाबीनवर खापर फोडू नका. मशीन चालू असताना लेकराला धुळीत खेळायला सोडू नये इतपत कळण्यासाठी मात्र संशोधनाची गरज नाही.)

मला एवढंच हवंय. नवीन योजना नको, नवीन अ‍ॅप तर अजिबात नको. (मी अ‍ॅप बनवूनच पोट भरतो, म्हणून सांगतो.) त्वचेच्या किंवा दम्याच्या रकान्यात खूण झाली की त्याच मिनिटाला आईला दोन प्रश्न. रात्री झोपतो का, आणि तुम्ही झोपता का? मुलाला एक प्रश्न. वर्गात तुला काय म्हणतात? आणि उलट्या बाजूने, गुरुजींनी 'लक्ष नाही, वात्रट आहे' असं सांगून एखादं पोर पुढे केलं की त्याची बाही वर करून बघायची, नाक चोंदलंय का बघायचं, रात्री खोकतो का विचारायचं. वागणुकीचा शिक्का मारायच्या आधी. कारण खाज आणि नाक नीट सांभाळलं की काही पोरांचं 'हायपर' असणं आपोआप उतरतं, आणि ज्यांचं उतरत नाही त्यांना निदान खरी मदत कुठली हवी ते कळतं.

ह्यावर नेहमीचं उत्तर येतं की वेळ कुठे आहे, एका दिवसात शेकडो पोरं तपासायची असतात. खरं आहे. पण खूण झालेल्या पोरांनाच विचारायचंय, सगळ्यांना नाही. दुसरं उत्तर, विचारून काय करणार, लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे? हेही खरं. पण त्यातल्या बहुतेकांना मानसोपचारतज्ज्ञ लागणारच नाही. लागेल ते हे की खाजेचा उपचार नेटाने व्हावा, आणि गुरुजींनी एक दिवस वर्गात सगळ्यांदेखत त्या पोराचा हात हातात धरून सांगावं, हे लागत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांचं प्रकरण खरोखर खोल आहे त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालय आहे, आता जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेजही आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आई-बापांनीही फिरवायला हरकत नाही, दोन वाजेपर्यंत हात धरून बसलेल्या आईने तर नक्कीच.

आणि हो, हे सगळं गावाकडचं आहे असं समजून बाणेर-हिंजवडीत आरामात वाचत असाल तर थांबा. तुमच्याही घरातल्या फ्रिजवर किंवा औषधांच्या डब्यात माँटेलुकास्टचं सिरप असण्याची दाट शक्यता आहे, बहुधा लिव्होसेट्रिझिनबरोबर मिसळलेलं, 'सर्दीचं रात्रीचं औषध' म्हणून. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने माँटेलुकास्टवर आपला सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. भयानक स्वप्नं, झोपेत दचकणं, आक्रमकपणा, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. आणि नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी इतर औषधांनी भागत असेल तर हे टाळा, असंही सांगितलं. बहुतेक मुलांना ह्यातलं काही होत नाही आणि काहींना त्याचा चांगला उपयोग होतो. म्हणून उद्या सकाळी बाटली मोरीत ओतू नका, दम्यासाठी चालू असेल तर डॉक्टरला न विचारता बंद तर मुळीच करू नका. पण हे बघा, इथे अ‍ॅलर्जीचं औषधच थेट मनाच्या रकान्यात जातंय, आणि किती जणांना दुकानातून बाटली घेताना हे कुणी सांगितलं?

तोंडावाटे घ्यायच्या स्टिरॉइडचंही तसंच आहे. झटका आला की चार-पाच दिवस देतात, द्यावंच लागतं, पण त्या दिवसांत पोरगं चिडकं होतं, झोपत नाही, आणि त्याला त्याबद्दल ओरडा बसतो. जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या औषधांनी उलटं, दुसऱ्या दिवशी वर्गात गुंगी.

कुठलंही असं औषध सुरू झालं की तारीख लिहून ठेवा. साधी वही चालेल, तुमचं एक्सेलही चालेल. शेजारी रोज एक ओळ, झोप कशी, मूड कसा, शाळेतून काही आलं का. दोन-तीन आठवड्यांनी पान डॉक्टरांपुढे ठेवा आणि आधी त्यांना वाचू द्या, मग बोला. वहिनीला मी गेल्या महिन्यात शंभर पानी वही पाठवली. तिने फोनवर विचारलं, "भावजी, तारीख इंग्रजी लिवू का तिथी?"